डावा गाल आणि आईची उशी

माझा डावा गाल लाल झाला आणि गल्लीत माझ्या बायकोचा मान वाढला.

शेजारचे वानखडे काका तर तिला येता-जाता नमस्कार करू लागले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाबू, असं काय केलं तं सूनबाईनं एवढं हाणलं?" (तिचा हात आजवर फक्त पोळ्या लाटायला उठलाय. पण आर्णीत हे कोणाला पटवणार!) गाल रोज सकाळी लालभडक, चुरचुरणारा. दाढी करायची तर डोळ्यांत पाणी.

याचं कारण बायकोनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. "ते उशी फेका आधी. तिच्यावर झोपून राह्यले तेव्हापासूनच झालं हे."

ती उशी आईनं माझ्यासाठी शिवलेली. बोरी अरबच्या आमच्या वावरातला कापूस, तिच्याच जुन्या लुगड्याची खोळ. माझ्या लग्नात तिनं ती दिली आणि फोमच्या उशा आल्यावर ती दिवाणात जाऊन पडली. आई गेल्यावर एकदा चादर शोधताना ती हाताला लागली. त्या दिवसापासून मी तिच्यावरच झोपतो. डावा गाल टेकवला की बरं वाटतं. आईच्या हातचं आता दुसरं काहीच घरात उरलेलं नाही. ती मी फेकू? गाल गेला तरी बेहत्तर!

मग उशीला वाचवायला मी दुसरे गुन्हेगार शोधू लागलो.

"ऊन आहे हे," मी म्हणालो. "ऑफिसला जाताना डावीकडून लागते."

"ऑफिस दोन गल्ल्या सोडून आहे!"

"मग वांगं असन."

"वांगं एकाच गालाले चढते काय?"

तरी वांगी बंद झाली. साबण बदलला. बेसन लावलं, ते वाळल्यावर गालासकट निघतंय असं वाटलं. शेवटी मी वानखडे काकांवर आळ घेतला. भाव वाढेल म्हणून त्यांनी बैठकीत छतापर्यंत कापूस भरला होता, आणि साठवलेल्या कापसानं खाज सुटते हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

काका भडकले. "आम्ही त्याच कापसावर लोळून राह्यलो, अन् लाल तू झाला?" त्यांनी अख्खं घर अंगणात उभं केलं आणि मला एकेकाचे गाल तपासायला लावले. नव्या सुनेची पाळी आली तेव्हा मी पळ काढला. मागून काकू कळवळून म्हणाल्या, "नजर लागली असन हो त्याले!"

"या तोंडाले?" काका म्हणाले.

शेवटी बायकोनं डॉक्टरीणबाईंपुढे नेऊन बसवलं. त्यांनी गाल नीट पाहिला. "एकाच बाजूला दिसतंय. कोणत्या कुशीवर झोपता?"

मी पंख्याकडे पाहू लागलो.

"डाव्या," बायको म्हणाली. "आईच्या उशीवर."

"मग ती उशी उघडून बघा."

घरी येताच बायकोनं कात्री काढली. मी भिंतीकडे तोंड करून बसलो. शिवण उसवल्याचा आवाज आला, आणि मग कात्री खाली ठेवल्याचा. वळून पाहिलं तर कापसात बिबा! काळ्या दोऱ्यात ओवलेला, तेल सुटून चिकट झालेला. लेकराला नजर लागू नये म्हणून गळ्यात बांधतात तोच बिबा, आणि ज्याचं तेल लागलं की भल्याभल्यांची कातडी उतते तोही हाच. नवरदेवाच्या गळ्यात चारचौघांत बरा दिसत नाही, म्हणून आईनं तो गुपचूप उशीत शिवला असणार. आधी मला हसू आलं. मग आईची इतकी आठवण आली की दुसरा गालही लाल झाला.

बायकोनं उशी फेकली नाही. बिबा चिमट्यानं धरून दारावर टांगला, खोळ धुतली, कापूस नवा भरू का म्हणून विचारलं आणि माझं तोंड पाहून तेल लागलेला तेवढा काढून बाकीचा तोच उन्हात वाळवून परत भरला.

"घ्या," ती म्हणाली, "झोपा आता."

गाल आता बरा आहे. पण या तोंडाला कोणाची नजर लागेल म्हणून आधीच बिबा शिवून ठेवणारी जगात एकच बाई होती, आणि ती आता नाही. आरशात पाहिलं की वाटतं, बाकीच्या जगाचं तरी काय चुकलं!