तुटक रेषेतलं घर

माझा हात सरळ होता. कचेरीत सगळे म्हणायचे, ह्याला फूटपट्टी कशाला देता? नकाशे काढणाऱ्या माणसाचं ह्याहून मोठं कौतुक नसतं, आणि त्या कौतुकावर मी कितीतरी वर्षं फुगून बसलो. आता निवृत्त झालोय. हात थरथरतो, बँकेत सही केली की काउंटरवरची मुलगी ती दोनदा जुळवून बघते. बघू दे. सरळ हाताने मी काय करून ठेवलं ते तिला कुठे माहीत आहे?

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी नगररचनेच्या कचेरीत ड्राफ्ट्समन होतो आणि कांदिवलीला, स्टेशनच्या पश्चिमेला, एका चाळीत राहायचो. तेव्हा सगळ्या उपनगरांचे नकाशे नव्याने करायचं काम चालू होतं. कुठे रस्ता, कुठे शाळा, कुठे बाग, सगळं कागदावर आधी आखायचं. पण त्याआधी जमिनीवर काय उभं आहे ते मोजून आणावं लागायचं. माणसं कमी, म्हणून आम्हा टेबलावरच्यांनाही मोजणीची साखळी आणि फील्ड बुक देऊन उन्हात पाठवायचे. मला माझ्याच घराजवळचा पट्टा मिळाला. झकास वाटलं. दुपारी घरी जेवून पुन्हा कामावर जाता येत होतं.

त्या पट्ट्यात एक जुनी वाडी होती. मराठी बोलणारे ख्रिस्ती लोक, पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच. बहुतेकांची पोरं शहरात नोकऱ्यांना लागलेली, पण थोडी माणसं अजून भाजी लावायची. वाडीच्या टोकाला एका म्हाताऱ्याचं घर होतं. तो आणि त्याची बायको, दोघंच. पुढे वालाचे वेल, मागे विहीर. मी साखळी घेऊन पोचलो तर घराच्या चार भिंती उभ्या, वर आकाश, आणि अंगणात कौलांची ही थप्पी. म्हातारा लुंगी खोचून भिंतीवर बसला होता, नवीन वासा बसवत.

मला सांगायची गरजच नव्हती. मी मालवणकडचा. आमच्याकडेही मे महिन्यात घर शाकारतात. कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी बाजूला काढायची, पुन्हा चढवायची. वाशांना वाळवी लागली असेल त्या वर्षी तर सगळं छप्परच खाली येतं आणि आठवडाभर माणसं अंगणात चूल मांडतात. लहानपणी आम्हा पोरांना त्यातली मजाच वाटायची.

"अरे पोरा, बघत काय उभा? कौलं दे वर!" म्हातारा वरून ओरडला.

मी सरकारी माणूस, खांद्यावर साखळी, आणि हा मला हुकूम सोडतोय! पण मला हसू आलं. बूट काढले आणि अर्धा-पाऊण तास कौलं वर दिली. एका वेळी दोन-दोन, तळहातावर आडवी धरून, जशी देतात तशी. म्हातारा खूश झाला. म्हणाला, "तू कोकणातला, बरोबर ना? शहरातला पोरगा एक तरी फोडतोच." मी एकही फोडलं नव्हतं. त्याचं मला किती कौतुक वाटलं होतं!

मग मी घर मोजलं आणि फील्ड बुकात नोंद केली. भिंती विटांच्या, छप्पर नाही. आमचा नियमच तसा. डोळ्यांना दिसेल ते लिहायचं, स्वतःचं डोकं चालवायचं नाही. मनात म्हटलं, छप्पर चढलं की पुढच्या आठवड्यात येऊन नोंद बदलू. घराजवळच तर आहे. पण पुढच्या आठवड्यात मला दुसऱ्या पट्ट्यावर पाठवलं, आणि मग बाहेरची कामं थांबून सगळे टेबलावर बसलो. मी बावळटासारखा विसरून गेलो. घराजवळ आहे म्हणून निर्धास्त राहिलो आणि घराजवळ होतं तरी गेलो नाही.

टेबलावर काम कसं चालायचं ते सांगतो. ट्रेसिंगच्या कापडावर काळी शाई. राहतं घर असेल तर सलग रेषेत काढायचं. पडकं असेल, छप्पर नसेल, तर तुटक रेषेत. मी फील्ड बुक उघडलं, माझंच अक्षर वाचलं, आणि त्या घराच्या चारही बाजू तुटक रेषेत काढल्या. रेषा सुंदर आल्या होत्या. साहेबांनी पाठ थोपटली.

वर्ष-दीड वर्षाने शाळेचा प्रश्न आला. माझी मुलगी तेव्हा दुसरीत होती. तिची शाळा एका देवळामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन पाळ्यांत भरायची. उन्हाळ्यात पोरं भाजून निघायची. मुख्याध्यापिका बाई जिद्दीच्या. शाळेसाठी जागा राखून ठेवली होती खरी, पण जुन्या आखणीत एक सरळसोट रस्ता त्या जागेच्या मधोमध जात होता. वर्ग एकीकडे, मैदान दुसरीकडे, आणि मधून ट्रक. बाई आमच्या कचेरीत येऊन ठाण मांडून बसल्या. "मधल्या सुट्टीत पोरांनी ट्रकखाली यावं असं तुमचं म्हणणं आहे का?" त्यांनी साहेबांनाच विचारलं.

त्या गेल्यावर साहेब मला म्हणाले, "रस्ता जरा वाकवून बघ रे, जागा अखंड होते का."

मी वळणाची पट्टी घेतली आणि वाकवला. पश्चिमेकडे वाकवला तर शाळेला छान चौकोनी जागा मिळत होती. वळण वाडीच्या टोकावरून जात होतं. साहेबांनी चष्मा वर केला आणि तुटक रेषांवर बोट ठेवलं. "इथे काय आहे?"

"पडकं आहे, साहेब."

खरं सांगतो, त्या क्षणी मला काही आठवलं नाही. नकाशात जे आहे तेच जमिनीवर आहे असं मानायची सवय लागते. स्वतः काढलेला नकाशा असला तर जास्तच. साहेब म्हणाले, वळणात कोणाचं राहतं घर जात नाही ना, मग हेच पाठवू. मी घरी जाऊन बायकोला फुशारकीने सांगितलं की मुलीची शाळा मी जागेवर बसवली.

नव्या आखणीची नोटीस निघाली. ज्यांना हरकत घ्यायची त्यांनी महिन्याच्या आत लेखी द्यावी. तिसऱ्याच दिवशी म्हातारा माझ्या टेबलासमोर उभा! स्वच्छ सदरा, केसांना तेल, हातात घडी घातलेलं वर्तमानपत्र. कचेरीत कोणीतरी ओळखीचा भेटला म्हणून त्याचा चेहरा उजळला होता.

"पोरा, हे वाच जरा. आमच्या वाडीचा नंबर दिलाय. माझं घर जातंय का?"

मी नकाशा काढला. तुटक रेषा बघितल्या आणि सगळं एकदम आठवलं. ती थप्पी, तो वासा, तळहातावरची दोन-दोन कौलं. आयला, हे मी काय करून बसलो!

तेव्हा महिना हातात होता. त्याच्याकडून एक अर्ज लिहून घेतला असता आणि साहेबांना म्हटलं असतं, चूक माझी आहे, तर वळण बदललं असतं, निदान घराची नोंद तरी झाली असती. पण मला वाटलं, वळण बदललं तर शाळेचे पुन्हा दोन तुकडे. बाई पुन्हा ठाण मांडणार. आणि चूक कोणाची, तर ज्याचा हात सरळ त्याची. हेड ड्राफ्ट्समनच्या जागेसाठी माझं नाव वर गेलं होतं.

मी म्हणालो, "काका, काळजी करू नका. हे रस्ते कागदावरच असतात. पुढची वीस वर्षं काही होत नाही."

हे वाक्य आमच्या कचेरीत रोज कोणी ना कोणी कोणाला तरी ऐकवायचं. बहुतेक वेळा ते खरंही ठरायचं. म्हाताऱ्याने नकाशाकडे बघितलं, त्याला त्यातलं काय कळणार डोंबल! मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "तू सांगतोस म्हणजे मग नाय काळजी." वर्तमानपत्राची पुन्हा घडी घातली आणि गेला. हरकत घेतली नाही.

वीस वर्षं कुठली! बाईंनी इतके खेटे घातले की चौथ्या वर्षी शाळा आणि रस्ता दोन्ही कामं एकदम निघाली. रस्त्यात जाणाऱ्या घरांची यादी लागली. ज्यांचं राहतं घर जाईल त्यांना जवळच दुसरी खोली मिळणार होती. यादीत वळणाच्या अलीकडची दोन घरं होती. म्हाताऱ्याचं नव्हतं. त्याच्या नावापुढे फक्त जमीन होती, आणि शेरा होता, पडके बांधकाम.

त्याने अर्ज केला आणि आमच्याच कचेरीत सुनावणी लागली. नकाशा दाखवायला मला हजर राहायचं होतं. सकाळी डबा भरताना मी बायकोला सगळं सांगितलं. तिने डबा तसाच उघडा ठेवला. मग म्हणाली, "जे झालं ते सांगून टाका हो आज. फार तर मेमो देतील. फासावर तर नाही ना चढवणार?"

"सांगतो," मी म्हणालो. आणि शप्पथ, सांगायचंच ठरवून घराबाहेर पडलो होतो.

सुनावणीला म्हातारा आणि त्याची बायको दोघंही आली होती. तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. म्हाताऱ्याकडे कराच्या पावत्या होत्या, पण त्या त्याच्या आजोबांच्या नावाच्या आणि जुन्या नंबरच्या. तो म्हणाला, घर उभंच आहे, आता चला, दाखवतो. अधिकारी वाईट माणूस नव्हता. त्याने शांतपणे समजावलं, "बाबा, आज छप्पर आहे हो. पण मोजणीच्या वेळी नव्हतं असं नकाशा सांगतो. पडक्या भिंतींवर नंतर छप्पर चढवून खोली मागणारे शंभर लोक येतात माझ्याकडे. तुमचं नंतर चढवलेलं नाही हे मी कशावरून मानू?"

म्हाताऱ्याने माझ्याकडे बोट केलं. राग नव्हता त्यात. उलट सुटल्यासारखा बोलला.

"ह्याला विचारा. हाच आला होता मोजायला. आमी शाकारत होतो. ह्यानं सोताच्या हातानं कौलं दिली मला, एकपण फोडलं नाय."

अधिकारी माझ्याकडे वळला. "काय हो? खरं आहे?"

त्याने मान जराशी हलवली, लवकर बोला म्हणून. माझे साहेब शेजारी बसले होते. इतकी वर्षं अडकलेली हेड ड्राफ्ट्समनची ऑर्डर अखेर त्या आठवड्यात निघणार होती. म्हातारीचे डोळे माझ्या तोंडाकडे लागले होते. मला फक्त 'हो' म्हणायचं होतं. एक अक्षर!

"साहेब, इतक्या साइट होतात," मी म्हणालो. "नक्की आठवत नाही."

अधिकाऱ्याने काहीतरी लिहिलं आणि पुढचा अर्ज घेतला. म्हातारा उठला नाही. त्याला वाटलं मी अजून बोलणार आहे. शिपायाने दंडाला धरून उठवलं तेव्हा उठला. मी नकाशाची गुंडाळी करत होतो, आणि ती काही केल्या सरळ होत नव्हती.

घर महिन्याभरात गेलं. त्या दिवशी मी रजा टाकली आणि घरात भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. म्हातारा-म्हातारी मनोरीला म्हातारीच्या भावाकडे गेली असं नंतर कोणाकडून तरी कळलं. होडीने खाडीपलीकडे जायला अर्धा तासही लागत नाही. मी एकदाही गेलो नाही. जाऊन तोंड काय दाखवणार होतो?

शाळा चांगली झाली, हेही सांगायला हवं. मोठे वर्ग, अखंड मैदान. शेकडो पोरं तिथे शिकली, माझी मुलगीही शिकली, नाव काढलं तिने. शाळा व्हायला नको होती असं मी आजही म्हणणार नाही. म्हाताऱ्याला एक खोली मिळाली असती तर शाळेचं काहीच बिघडलं नसतं.

पण मला जास्त सलतं ते सुनावणीनंतरचं. मी खाली आलो तर म्हातारा जिन्याशी माझी वाट बघत उभा होता. मला वाटलं आता शिव्या घालणार, गचांडी धरणार. धरली असती तर बरं झालं असतं! म्हातारी पाठ फिरवून लांब उभी होती. तिने वळून बघितलं नाही. म्हातारा जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "नोकरी हाय तुझी. पोरं ल्हान हायत. समजतं मला." मग समोरच्या हॉटेलाकडे हात करून म्हणाला, "चल, च्या पिऊ. उन्हाचा लांबून आलोय."

मी म्हणालो, वर काम आहे. वर काहीच काम नव्हतं. मी जिना चढून माझ्या टेबलाशी गेलो आणि म्हातारा रस्ता ओलांडून जाईपर्यंत खिडकीतून बघत बसून राहिलो.