घरचं बियाणं

माझ्या प्रोग्रामचा निकाल पहिल्यांदा आला तेव्हा मी विभागात पेढे वाटले. खरं तर इतका चांगला निकाल पाहून तेव्हाच घाबरायला हवं होतं.

वनस्पतीच्या जनुकात कामाच्या मजकुराच्या मधे बिनकामाचे तुकडे असतात. पेशी ते कापून टाकते आणि उरलेलं जोडते. कात्री कुठे चालणार, हे नुसत्या डीएनएवरून संगणकाला ओळखायला शिकवणं हे माझं काम. शिकवताना कापण्याच्या जगावेगळ्या खुणा असलेल्या थोड्या जागा मी कचरा म्हणून आधीच काढून टाकल्या होत्या. सगळेच काढतात. प्रोग्रामच्या परीक्षेसाठी ठेवलेल्या जागांतूनही काढल्या. म्हणजे अवघड प्रश्न गाळून पेपर काढला आणि आपलं पोर पहिलं आलं म्हणून नाचले.

फेब्रुवारीत भिवापूरहून एक मिरचीवाले शेतकरी दोन बियाण्यांच्या झाडांची पानं घेऊन आले. मी त्यांना भाऊ म्हणायचे. एक बियाणं घरचं, वडिलांपासून चालत आलेलं. दुसरं बहिणीच्या गावचं. उभी झाडं वाळवणाऱ्या मर रोगात कोणतं टिकेल, एवढंच त्यांना हवं होतं.

"दोन्ही ठेवा ना, भाऊ."

"बाजूबाजूनं लावलं का मिसळून जाते, मॅडम. वावर एकच हाय. तुमची मशीन काय म्हनते?"

रोगाशी लढणारं जनुक तपासलं. घरच्या बियाण्यात प्रोग्रामला कात्रीची एक जागा सापडेना, म्हणजे जनुक निकामी. बहिणीकडचं शाबूत. मी तोऱ्यात सांगून टाकलं, "बहिणीचं ठेवा."

मे महिन्यात ते माझ्या भाड्याच्या खोलीवर तिखटाची मोठी पिशवी देऊन गेले. "घरच्या साऱ्या मिरच्या दळून टाकल्या. बियाण्यासाठी ठिवल्या त्या बी. ठिवून काय करू आता?" त्या तिखटाने पिठल्याला असा रंग यायचा की मी सढळ हाताने वापरलं.

ऑगस्टमध्ये शेजारच्या प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीने डीप फ्रीजरमधली तीच पानं घेऊन पेशीने प्रत्यक्षात कुठे कापलं ते पाहिलं. घरच्या बियाण्यात कात्री बिनचूक चालत होती. फक्त ती जागा मी कचऱ्यात टाकलेल्या जागांसारखी होती. जनुक शाबूत होतं. बहिणीकडच्या बियाण्यात मात्र कात्री भलत्याच जागी चालत होती.

मी भाऊंना फोन केला नाही. दर पावसानंतर वाटायचं, आता त्यांचा येईल. अमरावती रोडवरून ट्रक गेला की खिडकीची काच थरथरायची आणि फोनच वाजला असं वाटून मी तो उचलून पाहायचे. मी किती भित्री आहे, हे मला त्या दिवसांत कळलं.

सप्टेंबरमध्ये त्यांचाच फोन आला.

"मॅडम, झाडं माना टाकून राहिली. उपटलं का मुळ्या काळ्या. घरचं बियाणं थोडंसं असन का तुमच्यापाशी?"

माझ्याकडे पानंच होती, आणि तीही तपासणीसाठी कुटून संपली होती. मग सगळं सांगितलं, ऑगस्टपासून गप्प बसले तेसुद्धा. मला रडू येत होतं. त्यांनी एवढंच विचारलं,

"तिखट हाय का अजून?"

"अर्धा डबा आहे."

"चाळून पाहा. एखांदं बी साबूत निंगन."

वर्तमानपत्र पसरून मी तीन वेळा चाळलं. डोळे चुरचुरत होते. चाळणीत पिवळे तुकडे राहिले, अख्खं बी एकही नाही. संध्याकाळी फोन करून तसं सांगितलं.

"बरं," भाऊ म्हणाले. "मंग ते तिखट संपवू नका."