टोकाच्या गावाचा बूस्टर

त्यांना सगळे पंपसाहेब म्हणायचे. साहेब म्हणण्यासारखं त्यांच्याकडे फारसं काही नव्हतं. पगार बेताचा, जीप खात्याची, आणि ऑफिस म्हणजे पंपहाऊसला चिकटून काढलेली एक खोली. भिंतीला हात लावला की पंपाची थरथर तळव्याला कळायची. तिथे बोलायचं तर ओरडावं लागे, त्यामुळे साहेब घरीही ओरडूनच बोलत. बायको म्हणे, "मी काही मोटर नाहीये, हळू बोललात तरी चालू होते."

पंपसाहेबांच्या हाती एक पाणीपुरवठा योजना होती. धरणातून पाणी उचलायचं, स्वच्छ करायचं, टेकडीवरच्या मोठ्या टाकीत चढवायचं आणि तिथून एकाच लांबलचक पाइपातून वाटेवरच्या गावांना देत जायचं. पाऊस नावापुरता पडणारा तो मुलूख, विहिरी उन्हाळ्याआधीच तळ दाखवायच्या. कागदावर योजना अगदी देखणी होती. कागदावर पाणी सगळ्यांना सारखं मिळतं. प्रत्यक्षात वरची गावं आधी पिणार, मग पाइपालाच मोटरी लावून गोठे धुणार, आणि टोकाच्या गावापर्यंत पोचायची ती हवा. नळ उघडला की नुसतं फुस्स.

पैशाच्या बाबतीत तर त्याहून आनंद. गावांनी पाणीपट्टी भरावी आणि तिच्यावर योजना चालावी, अशी अपेक्षा. वरची गावं म्हणायची, पाणी येतंच आहे, मग भरायचं कशाला? मधली म्हणायची, पाणी पुरत नाही, मग भरायचं कशाला? वीज कंपनी असले प्रश्न विचारत नसे, ती सरळ येऊन वीज तोडून जायची. मग पंपसाहेब गावोगाव फिरून हातापाया पडणार, थोडंफार गोळा करून वीज जोडून घेणार, की काही दिवसांत पुन्हा तेच. नोकरी कुठे संपते आणि भीक मागणं कुठे सुरू होतं, हे त्यांचं त्यांनाच कळेनासं झालं होतं.

सगळ्यांत नियमित पट्टी भरणारं गाव एकच, आणि ते म्हणजे ज्याला पाणीच मिळत नव्हतं ते, टोकाचं. याचं कारण पंपसाहेबांची थोरली बहीण. ताई त्या गावात दिलेली. ती घरोघर जाऊन बायकांना सांगायची, "माझा भाऊ बसलाय तिथं. आज ना उद्या तो पाणी आणणारच. आपण भरत राहायचं, उद्या कुणी आपल्याला नावं ठेवायला नकोत." बायका कुरकुरत, पण ताईच्या शब्दाला मान होता. भरायच्या, आणि मग घागरी घेऊन टँकरच्या रांगेत उभ्या राहायच्या. घागरी वाहून ताईचा एक खांदा कायमचा धरला होता. त्यावरून तिनं भावाला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं पंपसाहेबांना वाटायचं.

उपाय नव्हता असं नाही. वाटेवर मध्ये एक छोटी टाकी बांधून तिथे बूस्टर पंप बसवला, की टोकाच्या गावाला वेगळ्या पाइपनं पाणी ढकलता येणार होतं. वरच्यांची मिनतवारी करायला नको. पंपसाहेबांनी प्रस्ताव पाठवला. तो परत आला, नकाशा जोडा म्हणून. जोडला. पुन्हा परत आला, नकाशा जुना आहे म्हणून. नवा काढून जोडला, तोवर निधी संपला. मग निधी आला, पण वरचे साहेब बदलले, आणि नव्या साहेबांनी विचारलं, "कसला बूस्टर?" अशा कामात माणसाचे केस जातात. पंपसाहेबांचे गेले. दर भेटीत ते ताईला सांगत, "यंदा नक्की." ती म्हणे, "हो रे छोट्या," आणि त्यांच्या ताटात आणखी वाढायची.

शेवटी एकदाचा फोन आला. निधी देणाऱ्यांची समिती टोकाच्या गावाला येणार होती. प्रत्यक्ष बघणार आणि मग बूस्टरचं ठरवणार.

पुढे पंपसाहेबांनी जे केलं ते कळायला त्यांच्या खात्याची रीत माहीत पाहिजे. तपासणीला कुणी येणार म्हटलं की तिथे कुणी विचार करत बसत नाही, सगळे कामाला लागतात. टाकीला रंग, व्हॉल्व्हला ग्रीस, आवारातलं गवत साफ, आणि पाहुणे जातील तिथे पाणी. पाणी दिसलं पाहिजे, बस्स. नोकरीला लागल्यापासून पंपसाहेब हेच करत आले होते आणि त्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यांनी मनाशी मांडणीही केली होती. नळ कोरडा दिसला तर समिती म्हणेल, योजना बुडीत आहे, आणखी पैसा कशाला ओतायचा? पाणी दिसलं तर म्हणेल, माणसं चांगली राबतायत, देऊ या. त्यांनी हे बायकोलाही समजावून सांगितलं. ती म्हणाली, "बघा बुवा."

आदल्या दिवशी सगळ्या व्हॉल्व्हमनना हुकूम गेला. वरच्या प्रत्येक गावाचा व्हॉल्व्ह बंद. विचारलं तर सांगायचं, लाइन फुटलीय, दुरुस्ती चालू आहे. मोटरीवाल्यांनी बोंब मारली, एका व्हॉल्व्हमनची गचांडी धरली, पण व्हॉल्व्ह बंद राहिले.

समिती आली तेव्हा टोकाच्या गावचा नळ असा काही सुटला होता की खाली ठेवलेली बादली कलंडली. बायकांची पळापळ उडाली. घरातलं असेल नसेल ते भांडं बाहेर आलं, एकीनं तर पोराची आंघोळ तिथेच उरकून घेतली. ताईनं ओंजळ धरली आणि पाणी प्यायचं सोडून ती हसतच सुटली.

समितीच्या मॅडमनी नळाला प्रेशर गेज लावून घेतला. काटा झरझर वर गेला. मॅडम तशा समंजस होत्या. गेजवर विसंबून न राहता त्यांनी बायकांनाच विचारलं, "रोज असंच येतं का पाणी?"

सगळ्या बायकांनी ताईकडे बघितलं. ताईनं भावाकडे बघितलं. लहानपणी खोडी केल्यावर आईसमोर तो जसा डोळ्यांनीच विनवायचा, तसंच पंपसाहेबांनी तिला विनवलं.

"येतं," ताई म्हणाली. मग बाकीच्याही म्हणाल्या, येतं की.

"इतकी चांगली चालवलेली योजना मी पाहिली नाही," मॅडम जाताना म्हणाल्या. पंपसाहेब त्या दिवशी शिट्टी वाजवत घरी गेले.

होकार रेंगाळतो, नकार मात्र कसा वेळेवर येतो. समितीचं पत्र आलं. टोकाच्या गावाला रोज पुरेशा दाबानं पाणी पोचतं हे समितीनं स्वतः पाहिलं आहे, गावकऱ्यांनीही तसंच सांगितलं आहे, सबब बूस्टरची गरज नाही. निधी दुसऱ्या, अधिक गरजू योजनेला देण्यात येत आहे. पंपसाहेबांचं हार्दिक अभिनंदन.

पंपसाहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. वरच्या साहेबांना फोन केला, खरं काय ते समितीला कळवू या म्हणाले. साहेब म्हणाले, "म्हणजे आपण फसवलं असं लिहून देताय का? द्या, आणि सोबत राजीनामाही द्या." फोन ठेवल्यावर पंपसाहेबांनी समितीला शिव्या घातल्या, खात्याला घातल्या, वरच्या गावांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पंपाच्या आवाजात कुणाला काही ऐकू गेलं नाही. मग जीप काढून ते ताईकडे गेले.

ताई दारातच बसली होती. त्यांनी सगळं सांगितलं, व्हॉल्व्ह कसे बंद केले इथपासून.

"म्हणजे ते बंद करता येतात," ताई म्हणाली.

"अगं, एक दिवस कसंबसं जमलं. रोज करायला गेलो तर माझी माणसं मार खातील."

"रोजचं कोण म्हणतंय? आठवड्यातून एक दिवस केले असतेस. महिन्यातून एकदा. मी या बायकांना शपथेवर सांगत आले, त्याच्या हातात नाही गं, असतं तर त्यानं आणलं नसतं का? आणि तुझ्या हातात होतं रे, छोट्या."

पंपसाहेब बूस्टरच्या मागे इतकी वर्षं धावले, पण आठवड्यातून एक दिवस वरचे व्हॉल्व्ह बंद ठेवावेत, हे त्यांच्या डोक्यात खरंच कधी आलं नव्हतं. भांडणं नकोत, एवढंच ते बघत आले होते. त्यांना स्वतःचाच संताप आला.

"परक्यांना दाखवायचं म्हटल्यावर जमलं तुला," ताई म्हणाली. आवाज चढला नव्हता. ती उठली आणि आतून घागर घेऊन आली.

"आता करतो, ताई. दर आठवड्याला. मारामाऱ्या झाल्या तरी करतो. शब्द देतो तुला."

"मला नको. त्या बायकांना दे, माझा शब्द तर गेला." ती पायऱ्या उतरून रस्त्याला लागली, आणि मागे वळून म्हणाली, "आणि ती जीप बाजूला घे. टँकर यायचाय."