दाजींची बेरजेची गाडी

देवाने जग घडवलं तेव्हा आमचे दाजी शेजारी असते, तर त्यात चार-दोन बटणं नक्कीच जास्तीची बसली असती. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नागापूरच्या एका वर्कशॉपात विजेच्या मोटारींचं वायंडिंग करायचे आणि बाहेर पडले की दिसेल ते यंत्र उघडायचे. माझ्या लग्नात ऐन मंगलाष्टकांत त्यांनी लाऊडस्पीकर उघडला. शेवटचं मंगलाष्टक भटजींनी आणि मीच काय ते ऐकलं. ताई संतापली, तर म्हणाले, "अगं, खरखरत हुतं. उघडल्याबिगर कळतंय व्हय?"

बेरीज चुकली म्हणून छड्या खाऊन दाजींनी लहानपणी शाळा सोडली होती. पोरांनी हसतखेळत बेरीज शिकावी, ही त्यांची जन्माची इच्छा. सत्तरचं दशक नुकतं सुरू झालेलं, टीव्ही आमच्यापैकी कुणी पाहिलेला नव्हता, आणि या गृहस्थाने दोन वर्षं खपून कपाटाएवढी पेटी केली. पुढे काच, तिच्यावर रांगेने रंगवलेल्या दहा बैलगाड्या, प्रत्येकीमागे दिवा. डाव्या टोकाला घर, उजव्या टोकाला साखर कारखाना. बरोबर उत्तराचं बटण दाबलं की पुढची गाडी उजळायची, जणू एकच गाडी घरून कारखान्याकडे चालतेय! मी आ वासून पाहत राहिलो. आज नातवंडं व्हिडिओ गेम दाखवतात. मला त्याचं अप्रूप वाटत नाही.

एस.टी.च्या टपावरून पेटी दाजींच्या नि माझ्याबरोबर पाथर्डीकडच्या एका शाळेत गेली आणि ट्रकच्या बॅटरीवर सुरू झाली. शिक्षण खात्याचे साहेब बघायला आले होते. त्यांना पसंत पडली, तर जिल्हाभर तशा पेट्या होणार होत्या. पण पोरांनी बटणं दाबली ती अशी: सात नि पाच चार, तीन नि दोन नऊ! गाडी घरापासून हलेना. "येत होतं तेही विसरली पोरं," म्हणत साहेब जीपकडे निघाले.

दाजी पुढच्या मुलीसमोर उकिडवे बसले. "बाय, सात आन पाच किती?"

"बारा."

"मग मघाशी चार का दाबलंस?"

तिने कारखान्याकडे बोट केलं. "गाडी तिकडं गेली की आय पार उन्हाळ्यातच येती."

दरवर्षी दसरा झाला की निम्मं गाव गाड्या जुंपून ऊसतोडीला जायचं. ते दाजींना ठाऊक होतं, पण चित्र काढताना सुचलं नव्हतं. पेटीची पाठ उघडून त्यांनी सगळ्या वायरी उलट्या जोडल्या. आता गाडी कारखान्यावरून निघून घरी यायची. रंगवलेले बैल मात्र मागे मागे चालत. पोरांना त्याचं काही नव्हतं. उत्तरं अशी धडाधड आली की दिवे लागायला पुरेनात.

साहेब चहाला थांबल्याने जीप अजून फाटकातच होती. मी साहेबांना बोलवायला धावत सुटलो, तर दाजींनी माझा हात धरला. "ऱ्हाऊ दे रे. पोरांच्या आया घरी निघाल्यात. मधी सायेब कशाला?"

पेटी तिथेच राहिली. दुसरी कधी झालीच नाही. एवढा मोठा माणूस आमच्या घरात होता आणि मी जन्मभर त्याची टिंगल करत राहिलो, याचं आता फार वाईट वाटतं.