नकाशावरच्या फुल्या

उत्तर नॉर्वेत लेकीकडे गेले होते. शेजारचा म्हातारा कोळी धक्क्यावर गळाची दोरी सोडवत होता. गळाला पोवळ्याची बोटभर गुलाबी फांदी अडकून आली होती. त्या थंड समुद्राच्या तळाशीही पोवळ्याची रानं असतात; गळानं मोडली की पुन्हा वाढायला कितीतरी वर्षं लागतात. त्याचा चेहराच पडला. त्यानं समुद्राचा नकाशा उलगडून, गळ टाकला होता त्या जागी फुली मारली. आता गावातलं कुणी तिथं गळ टाकणार नाही. नकाशावर अशा कितीतरी फुल्या होत्या. काही त्याच्या वडिलांच्या हातच्या.

"आणि समुद्राचा तळ खरवडत जाळी ओढणारी मोठी जहाजं?" मी लेकीकरवी विचारलं.

"याच फुल्या सरकारला दाखवून आम्ही त्यांच्यावर तिथं बंदी आणवली," तो ताठ होत म्हणाला.

मी किनाऱ्यावरच वाढले. किती मासा मिळाला ते मिरवणारे पुष्कळ पाहिले. हा मात्र जिथं पुन्हा कधी गेला नाही, त्या जागा एकेक करून दाखवत होता, नातवंडांचे फोटो दाखवावेत तशा.