लिंबाजी शिंप्याची कोरी काच

लिंबाजी शिंप्यानं मला फसवलं. माझ्या लग्नात, माझ्याच मांडवात, तहसीलदार आणि देशमुखांच्या देखत फसवलं. मी बैलांचा दलाल. बैलाची चाल बघून त्याचं वय सांगतो, आणि गिऱ्हाइकाचा चेहरा बघून त्याच्या कनवटीला किती आहे तेही सांगतो. मला फसवणारा अजून जन्मायचा आहे, असं मी माजलगावच्या बाजारात छातीवर हात मारून म्हणत असे. तो जन्मला होता. मूळचा युसूफ वडगावचा, राहायला माजलगावात, आमच्या घरापासून चार घरं सोडून. लोक त्याला फोटूमास्तर म्हणत.

जातीनं आणि धंद्यानं तो शिंपी. एका जहागीरदाराच्या घरच्या लग्नाला हैदराबादहून फोटोवाला आला होता. वाटेत उंदरांनी त्याच्या कॅमेऱ्याचं काळं कापड कुरतडलं, म्हणून लिंबाजीला बोलावणं गेलं. कापड शिवून झालं. कुठे भोक राहिलं का ते आतूनच कळणार, म्हणून लिंबाजी ते डोक्यावर घेऊन कॅमेऱ्यामागे उभा राहिला. समोरच्या काचेवर त्याला अख्खा मांडव उलटा दिसला. नवरदेव डोक्यावर उभा, घोड्याचे पाय आभाळात, आणि जहागीरदाराचे कारभारी वटवाघळासारखे लोंबकळलेले. फोटोवाल्यानं शेवटी तंगडी धरून त्याला बाहेर ओढलं, असं गावात सांगत. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "तंगडी न्हाई बे, धोतराचा काष्टा धरला. म्हनून तर निघालो."

पुढच्याच महिन्यात शिवणयंत्र विकून त्यानं हैदराबादच्या जुन्या बाजारातून एक लाकडी कॅमेरा आणला. त्याची बायको सोनाबाई आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी बोलली, ती न बोललेलीच बरी होती.

"कावून रे एवढं याड लागलं तुला?" मी त्याला विचारायचो.

"दलाल, बारा वरसं मी लग्नाचे कपडे शिवले. नवरदेवाचा अंगरखा माझा, नवरीची चोळी माझी. पर मांडवात मला कुनी बोलावलं न्हाई. कपडे पोचले की शिंपी सरला. आन् आता बघ, माझ्याबिगर अक्षता पडत न्हाईत."

हे खोटं नव्हतं. भटजी मंगलाष्टकाला तोंड उघडत आणि काळ्या कापडाखालून लिंबाजीचा हात वर येई: "थांबा देवा, ढग आलाय!" पंचांगातला मुहूर्त एका ढगासाठी ताटकळलेला मी या डोळ्यांनी पाहिला आहे.

त्याला शिकवणारा कोणी नव्हता. काचा जालन्याच्या स्टेशनावर उतरत आणि गवतात गुंडाळून बैलगाडीनं येत. त्या धुवायला अंधार पाहिजे, म्हणून त्यानं धान्याचं एक रिकामं पेव धरलं. जमिनीत खोल खणलेल्या त्या कोठारात कंदिलावर लाल कापड बांधून तो उतरे. वर सोनाबाई बसलेली. दर घटकेला ती ओरडायची, "जित्ते हाव का?" आणि खालून उत्तर यायचं, "मी हाय, पर नवरी गेली!" म्हणजे काच बिघडली. पहिल्या वर्षी एका पाटलाच्या तोंडावर फोटोत ठिपकेच ठिपके उठले. पाटील खवळला, "मला देवी कवा आल्यात रे?" दोष विहिरीच्या जड पाण्याचा होता. तेव्हापासून लिंबाजी सिंदफणा नदीचं पाणी चार पदरी धोतरातून गाळून घेऊ लागला.

फोटोत रंग कसे उतरतात हेही त्यानं चुकत चुकत शोधलं. तांबडं लुगडं काळंभोर येतं, निळं पांढरं पडतं. मग जन्मभराच्या चिंध्या जोडून त्यानं मागे टांगायचा पडदा शिवला. त्यावर झाडं तांबड्या खणाची, तळं निळ्या सुताचं, बदक पिवळं. लोक हसून लोटपोट व्हायचे. "मास्तर, तांबडं झाड कोन्या मुलखात हाय?" लिंबाजी म्हणायचा, "झाड तुमच्यासाठी न्हाई, काचेसाठी हाय." आणि फोटो हातात आला की त्यात गर्द झाडी दिसायची, चमकतं तळं दिसायचं, आणि हसणारे त्याच झाडीपुढे उभं राहायला भांडायचे.

उभं करतानाचं त्याचं एक वाक्य अख्ख्या तालुक्याला पाठ होतं. "हसायचं तर पुरतं हसा, न्हाई तर गप ऱ्हावा. अर्धं हसू नगा. अर्ध्या हसन्यानं मानूस उसनवारी आनल्यावानी दिसतो."

आमची मैत्री गाडीतली. बैलांचा बाजार आणि लग्नं उन्हाळ्यातच. मी चकलांब्याला बैल घेऊन निघालो की हा पडदा, तिपाई आणि काचांची पेटी घेऊन माझ्या गाडीत. तिथं मला त्याची एक युक्ती कळली. आपल्याकडे लग्न म्हटलं की कोणीतरी रुसणारच. मामाला फेटा उशिरा बांधला, मामा जाऊन चिंचेखाली बसला. दहा माणसं हातापाया पडून दमली की लिंबाजी तिपाई घेऊन जायचा. "मामा, हितंच बसा. रुसलेल्या मानसाचा फोटू लई झ्याक येतो." मामा मिशीला पीळ भरून बसायचा, लिंबाजी झाकण काढायचा, मोठ्यानं पाच आकडे मोजायचा, झाकण लावायचा. मामा खूश होऊन पंगतीला. कॅमेऱ्यात काच नसायचीच! लिंबाजी त्याला कोरा फोटो म्हणत असे. महिन्याभरानं मामा फोटो मागायला आला की हा हात जोडायचा, "काय सांगू मामा, तुमचं तेज लई. काच करपली." मामा ते पाच गावांत सांगत फिरायचा.

ही युक्ती आपल्यावर चालेल असं मला कधी वाटलं नाही.

आता माझ्या लग्नाचं. माझे आईबाप मी लहान असतानाच गेले. आठ वर्षं मी देशमुखांच्या घरी सालगडी होतो. त्यांची गुरं राखली, त्यांच्या घोड्याला खरारा केला. तिथून निघालो आणि एका लंगड्या गोऱ्ह्यावरून दलालीला लागलो. लग्न ठरलं तेव्हा देशमुखांना स्वतः आवतण दिलं, त्यांनी येताना तहसीलदारांनाही आणायचं कबूल केलं. मला एक फोटो पाहिजे होता. देशमुख, तहसीलदार आणि त्यांच्या बरोबरीनं मी. तो माझ्या ओट्यावर लावायचा, येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघायचा. बाकी लग्न कसंही झालं असतं तरी मला चाललं असतं.

बैलाचा सौदा आम्ही रुमालाखाली बोटं धरून करतो, भाव तिसऱ्याला कळू नये म्हणून. लिंबाजीशी सौदा मी त्याच्याच काळ्या कापडाखाली केला. सोनाबाईला अंगणात फक्त चार पाय दिसत होते. "काय चाललंय आत?" लिंबाजी कळवळला, "हा माझी बोटं मोडतोय!" तीन फोटोंच्या दामात मी सहा ठरवले. "पाच बिघडले तर सोडून देईन," मी बजावलं, "पण देशमुखांचा बिघडला तर तुला सोडणार नाही."

लग्नाच्या दिवशी ऊन स्वच्छ होतं. तहसीलदार शेरवानी आणि रुमी टोपीत आले. देशमुख जोडे काढून जाजमावर चढले. दोघे खुर्च्यांवर बसले, मी शेजारी उभा. लिंबाजी कापडाखाली गेला आणि तिथूनच म्हणाला, "नवरदेव, हात मोकळे करा."

"हातांचं राहू दे. काढ लवकर."

तो बाहेर आला. माझ्याकडे नीट बघितलं. "आरं दलाल, हात मोकळे सोड की."

त्या दोघांपुढे मला अरे-तुरे! माझं डोकं सटकलं. "तू तुझं काम कर बे! हात माझे हायत!"

तो आत गेला, झाकण काढलं, पाच आकडे मोजले, झाकण लावलं. इतक्या हळू मोजताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी त्यानं पाच फोटो आणून दिले. मी सहावा मागितला.

"त्यो कोरा गेला, दलाल. गडबडीत काच घालायची ऱ्हायली."

मी काय काय बोललो ते इथं लिहिता येत नाही. त्याची तिपाई उचलून नदीत टाकायला निघालो. तो मागून धावत म्हणाला, "तिपाई टाक, पर नवी आनायला तुलाच गाडी जुपावी लागंल, ध्यानात ठेव!" माझी बायको कौसा दारात उभी राहून पोट धरून हसत होती. तिला हसायला निमित्त लागत नाही.

आणि मूळ दुखणं ते हसणंच. त्या पाचांतला एक फोटो कौसाच्या हसण्याचा होता. मांडवात मी वाजंत्र्यांशी घासाघीस करतोय, तोंड उघडं, मुंडावळ्या कानावर, दोन्ही हात हवेत इतके जोरात की फोटोत त्यांचा नुसता धूर झाला आहे. आणि मागे नवी नवरी, मान खाली घालायची सोडून, दात दाखवून पुरतं हसतेय. माझ्या सासूनं तो बघून पदर तोंडावर ओढला. देशमुखांच्या फोटोसाठी मारलेल्या खिळ्यावर कौसानं हा लावला. मी तीनदा काढला, तिनं चारदा लावला. मग लोक तो बघायला येऊ लागले. बघून हसायचे, हसता हसता बसायचे, बसले की बैलांचं बोलणं निघायचं. खिळा रिकामा नव्हता, ओटाही रिकामा राहिला नाही. पण मला पाहिजे होता तो फोटो हा नव्हे.

वीस वर्षं मी लिंबाजीला लबाड म्हटलं. माजलगावच्या बाजारात, चकलांब्याच्या मांडवात, भर पंगतीत. "या शिंप्यानं मला फसवलं." तो पानावरून मान वर न करता म्हणायचा, "हां, फसवलं. ती भाजी सरकव." एकदाही वाद घातला नाही. दर उन्हाळ्यात मी त्याला शिव्या देत गाडीत घ्यायचो आणि शिव्या देत उतरवायचो. लोक म्हणायचे, यांचं जमतं कसं? जमायचं.

गेल्या थंडीत तो छातीच्या दुखण्यानं गेला. शेवटच्या आठवड्यात भेटायला गेलो तर पडल्या पडल्या म्हणाला, "दलाल, तुझं तोंड आज अर्धं हसतंय. बरं न्हाई दिसत." मी म्हणालो, "लबाडाला बघून पुरतं हसू येत नाही." तो मात्र पुरता हसला, खोकला येईपर्यंत.

महिन्यानं त्याच्या घरी गेलो. सोनाबाई अंगणात गरम पाण्यानं त्याच्या जुन्या काचा खरवडत होती. खिडक्यांना बसवायला कोणी मागितल्या होत्या. ओळीनं नवरे-नवऱ्या धुतल्या जात होत्या. मला बघून ती उठली आणि आतून काळ्या कापडात गुंडाळलेली एक काच घेऊन आली. "ही तेवढी धुऊ नगं म्हनलेते. तुमचं लगीन हाय म्हनं."

काचेवर सगळं उलट असतं, काळं ते पांढरं. पण काळ्या कापडावर धरून तिरकी केली की माणसं ओळखू येतात, हे मला त्यानंच गाडीत शिकवलं होतं. मी त्याच कापडावर ती तिरकी धरली. तहसीलदार दिसले, देशमुख दिसले. शेजारी मुंडावळ्या बांधलेला मी, पाठीतून वाकलेला. आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलेले देशमुखांचे जोडे.

ते मी कधी उचलले मला आठवत नाही. आठ वर्षं उचलले होते. देशमुखांनी ते जाजमाच्या कडेला काढले की हात आपोआप गेले असतील. मांडवात कोणाला त्यात वावगं दिसलं नसेल. कापडाखाली उलटं बघणाऱ्या एकट्याला दिसलं, आणि त्यानं मला दोनदा सांगितलं.

मी ती काच घरी आणली. कौसानं ती बघितली, आणि पहिल्यांदाच ती हसली नाही. म्हणाली, "भावजींनी खिळा वाचवला तुमचा."

म्हणून पुन्हा म्हणतो, लिंबाजी शिंप्यानं मला फसवलं. काच कोरी म्हणून फसवलं ते मी सोडून देतो. पण वीस वर्षं भर बाजारात मी तुला लबाड म्हणत असताना तू भाजी मागत राहिलास. एकदा, एखाद्या रिकाम्या रस्त्यावर, गाडीत आपण दोघंच असताना, तुला सांगता आलं नसतं? मी भडकलो असतो, तुला गाडीतून उतरवलं असतं, आणि कोसभर जाऊन परत न्यायला आलो असतो. तेवढंसुद्धा तू मला करू दिलं नाहीस. आता एवढ्या शिव्या मी कोणाच्या दारात परत घेऊ? गेलास म्हणून सुटलास असं समजू नको, शिंप्या. मी येतो तेव्हा कापडाखालून बाहेर ये, आणि याचा जबाब दे.