जाळीतला फौजदार

आमचा फौजदार आज सकाळी मेला.
आणि माझ्या मनात पहिला शब्द आला, सुटले.

नंतर रडले, ते खरं आहे. पण आधी ते.

फौजदार म्हणजे आमचा कोंबडा. माझ्या फ्रेंडलिस्टमधल्या बऱ्याच जणांना तो माहीत आहे. पिल्लू होता तेव्हा मुंगसाने त्याची आई नेली. मी त्याला खोक्यात बल्ब लावून वाढवलं. माझ्या ओढणीत झोपायचा. मोठा झाल्यावर गाडीच्या फूटबोर्डवर बसून मळ्याच्या गेटपर्यंत यायचा. मखमलाबाद रोडला लोक थांबून फोटो काढायचे.

मग त्याला तुरा आला, पायामागे काटे आले, आणि तो बदलला.

आधी झेंडू तोडायला येणाऱ्या बायकांच्या मागे लागायचा. आम्ही हसायचो.
त्यांच्यातल्या मंगलताईंच्या पोटरीतून रक्त आलं, तेव्हा हसणं बंद झालं.
"वहिनी, तुमचा लाडका असेल, पण मी उद्यापासून येणार नाय," त्या म्हणाल्या. मी हात जोडले, हळद लावली. त्या आल्या, पण हातात काठी घेऊन.

मग तो माझ्याही अंगावर यायला लागला. मी झाडूने हाणायचे. तो आणखी चवताळायचा.

जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "माणसात वाढलेला कोंबडा माणसाला भीत नाही. तुमच्याशीच भांडून मोठेपणा ठरवतो. मारू नका, पळू नका. रोज धरा, काखेत घ्या, शांत होईपर्यंत सोडू नका."

मी हो म्हटलं. दोनचार दिवस केलंही.

आणि एक दिवस आई, म्हणजे माझ्या सासूबाई, फुलांची पाटी घेऊन हौदाजवळून येत होत्या. त्याने मागून झेप घेतली. आई हौदाच्या काठावर आपटल्या. मनगट मोडलं.

माझा नवरा योगेश कोयता घेऊन निघाला. "आज याला सोडत नाही."
मी मध्ये उभी राहिले. "मारू नकोस. मी त्याला जाळीत ठेवते. जबाबदारी माझी."

जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "ठेवा जाळीत. पण रोज बाहेर काढून हाताळा. नाहीतर त्याचे हाल होतील."

गोठ्यामागे जाळी उभी केली. त्याचा फोटो मी इथेच टाकला होता. "घरच्याला कोणी कापतं का?" असं लिहून. किती हार्ट आले! किती जणांनी लिहिलं, वैशाली, तुझं मन मोठं आहे गं.

मी प्रत्येकाला थँक्यू म्हटलं.

दसऱ्याचा सीझन आला. पहाटेपासून झेंडू तोडा, क्रेट भरा, मार्केटला पाठवा. त्याला बाहेर काढायला वेळ नव्हता. म्हटलं, सीझन संपला की काढू.
सीझन संपला. मग शेवंती आली. मग लग्नसराई.

खरं सांगते, वेळ नंतर होता. भीती होती. आणि भीतीपेक्षा जास्त, तो आत असला की बरं पडत होतं.

दाणे खालच्या फटीतून सारायचे. पाण्याचा पाईप बाहेरूनच मारायचे.

त्याच्याजवळ बसायच्या त्या एकट्या आई.

हाताला प्लास्टर होतं तेव्हापासून. क्रेट पालथा घालून जाळीला लागून बसायच्या, लसूण सोलायच्या. "काय रे फौजदार, आज लय गप गप? जेवला का?" मला वाटायचं, म्हातारं माणूस, टाइमपास करतंय.

एकदा मला म्हणाल्या, "त्याला जरा सोड ना गं. मी बसते इथं काठी घेऊन."
मी म्हटलं, "आणि परत पडलात तर? लोक मला बोलतील."

लोक मला बोलतील. हे मी ज्यांचा हात मोडला होता त्यांना सांगितलं.

त्यांनी परत कधी विचारलं नाही.

हळूहळू त्याने जाळीवर धडका मारणं सोडलं. बांगही सोडली. कोपऱ्यात पिसं फुगवून उभा असायचा. आल्यागेल्याला मी कौतुकाने सांगायचे, "बघा, किती सुधारला."

आज सकाळी दाणे टाकायला गेले तर आडवा पडला होता.

योगेशला फोन केला. तो म्हणाला, "बरं झालं, सुटला बिचारा." मी हं म्हटलं.

आई आल्या. जाळीशी उभ्या राहिल्या.
मग म्हणाल्या, "आता तरी काढ त्याला बाहेर."

दाराची तार गंजून घट्ट बसली होती. हाताने निघेना. पक्कड आणावी लागली.

ती तार पिळताना मला आईंकडे बघवेना.

उचलला तर हाताला वजनच लागलं नाही. नुसती पिसं. आईंनी तो माझ्याकडून घेतला आणि पदराने त्याची चोच पुसली. शेवंतीच्या वाफ्याकडेला मी खड्डा केला. माती लोटताना त्या रडत होत्या, आवाज न करता.

मी विचारलं, "आई, तुम्हाला त्याचा कधी राग नाही आला?"

त्या म्हणाल्या, "आला ना. हात दुखत होता तवर आला. हात तर कधीच बरा झाला, बाई."

आणि हातपाय धुवायला निघून गेल्या.

मी अजून इथेच वाफ्याजवळ बसून हे लिहितेय.

फौजदार, तुझ्या नावापुढे श्रद्धांजली लिहायला मला लाज वाटते.
जा राजा.